पेन्सिल चित्रकाराची वाट: पहिल्या रेघेपासून स्वतःच्या विषयापर्यंत

पेन्सिलीने चित्रं काढायला नव्याने बसलेला माणूस आधी साहित्याबद्दल विचारतो: कोणती पेन्सिल, कोणता कागद, कोणता खोडरबर. मग प्रश्न येतो प्रेरणेचा: काढू काय? या दोन प्रश्नांच्या मधे जे असतं त्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही. ते म्हणजे बघणं. आणि चित्रकाराचं बघणं म्हणजे सतत चालणारी तुलना. ही कड त्या कडेपेक्षा किती लांब, हा करडा त्या करड्यापेक्षा किती गडद. पेन्सिलीत रंग नसतो, त्यामुळे सगळा भार मापाच्या आणि छटेच्या तुलनेवर येऊन पडतो. पुढच्या पायऱ्या या एका सवयीभोवती रचल्या आहेत. क्रमाने गेलात तर सोपं जाईल. पण पाचवी पायरी खुणावत असेल तर चौथी अर्धवट सोडून पुढे जा, परत यावं लागेलच.

पायरी १: साहित्य थोडंच घ्या

सुरुवातीला चार पेन्सिली पुरतात: २एच, एचबी, २बी आणि ६बी. चोवीस पेन्सिलींचा डबा दिसायला छान असतो, पण त्यातल्या शेजारशेजारच्या दोन पेन्सिलींमधला फरक नवख्या हाताला कळत नाही आणि बराचसा वेळ पेन्सिल निवडण्यातच जातो.

या आकड्यांमागचं गणित साधं आहे. पेन्सिलीच्या गाभ्यात ग्रॅफाइट आणि माती असते. माती जास्त असेल तर गाभा टणक आणि रेघ फिकट. ग्रॅफाइट जास्त असेल तर गाभा मऊ आणि रेघ काळी. टणक बाजू ‘एच’ची, काळी बाजू ‘बी’ची, एचबी या दोन्हींच्या मधली, आणि अलीकडचा आकडा जितका मोठा तितका तो गुण जास्त. हे प्रमाण हवं तसं बदलता येतं याचं श्रेय निकोला-झाक काँते या फ्रेंच माणसाला जातं. युद्धामुळे इंग्लंडचं उत्तम ग्रॅफाइट फ्रान्सला मिळेनासं झालं, तेव्हा त्याने ग्रॅफाइटची पूड मातीत कालवून भट्टीत भाजली आणि 1795 मध्ये त्या पद्धतीचं पेटंट घेतलं. आजही पेन्सिल मुळात तशीच बनते. वेगवेगळ्या कंपन्यांची २बी मात्र एकसारखी काळी नसते, म्हणून एका चित्रासाठी शक्यतो एकाच कंपनीचा संच वापरा.

कागदाकडे पेन्सिलीपेक्षा जास्त लक्ष द्या. कागदाच्या पृष्ठभागावर बारीक खडबडीतपणा असतो आणि ग्रॅफाइट त्याच्या उंचवट्यांवर घासून अडकतं. अगदी गुळगुळीत कागदावर गडद छटा चढतच नाही, पेन्सिल नुसती घसरते. फार खरखरीत कागदावर त्वचेसारखी मऊ छटा फुटक्या ठिपक्यांची दिसते. सरावाला 120 ते 150 ग्रॅम वजनाचा (हे वजन दर चौरस मीटर कागदाचं), मध्यम पोताचा कागद चांगला. पूर्ण करायच्या चित्राला 200 ग्रॅमच्या आसपासचा आणि आम्लमुक्त घ्या, म्हणजे काही वर्षांत पिवळा पडणार नाही.

खोडरबर दोन ठेवा. एक नेहमीचा पांढरा, कडा स्वच्छ करायला. दुसरा मळता येणारा, कणकेसारखा. तो घासायचा नसतो, टेकवून उचलायचा असतो. त्याने छटा थोडी थोडी फिकी करता येते. खोडरबर हे चूक पुसायचं साधन आहे ही समजूत इथेच सोडून द्या. गडद छटेतून उजेड काढायला तोच लागतो, म्हणजे तोही रेखाटण्याचंच हत्यार आहे.

टोक करायला ब्लेड किंवा छोटा कटर वापरायला शिका. शार्पनरने टोक आखूड राहतं. ब्लेडने गाभा बोटाच्या पेराएवढा उघडा करता येतो आणि मग तीच पेन्सिल टोकाने बारीक रेघ आणि कुशीने रुंद छटा देते. गाभा पॉलिश पेपरवर फिरवून अणकुचीदार करा. पेन्सिल खाली पडू देऊ नका. वरून धड दिसते, पण आत गाभ्याचे तुकडे झालेले असतात आणि पुढे टोक करताना ते एकेक करून गळून पडतात.

पायरी २: हात मोकळा करा

लिहिताना आपण पेन्सिल टोकाजवळ धरतो आणि बोटं हलवतो. बारीक कामाला ती पकड ठीक. लांब रेघ आणि मोठा आकार यांसाठी पेन्सिल मागे, मधल्या भागावर, तळव्याखाली आडवी धरा आणि खांद्यापासून हात हलवा. पहिल्या दिवशी हे विचित्र वाटतं. थोड्या सरावानंतर लिहिण्याच्या पकडीने मोठं वर्तुळ काढणंच विचित्र वाटू लागतं.

सराव असा: कागदावर दूरवर दोन ठिपके द्या. पेन्सिल कागदाला न टेकवता त्यांच्या मधून दोनतीनदा हात फिरवा आणि मग एका दमात रेघ ओढा. नजर पेन्सिलीच्या टोकावर नको, दुसऱ्या ठिपक्यावर हवी. असंच वर्तुळांचं, लंबवर्तुळांचं. रोजच्या कामाआधी एक पान यात घालवा. तुटक तुटक, केसाळ रेघांनी कड शोधत जाण्याची सवय लागली की ती सोडवणं कठीण असतं, आणि ती लागते भीतीने. एकच फिकट रेघ ओढा. चुकली तर न पुसता शेजारी दुसरी ओढा. दोन्ही समोर असल्या की कोणती जास्त बरोबर ते दिसतं. पुसून टाकलेल्या रेघेशी तुलना करता येत नाही.

पायरी ३: माप घ्यायला शिका

आपल्याला माहीत असलेलं आणि आपल्याला दिसणारं यांत फरक असतो. टेबल चौकोनी आहे हे माहीत असतं, म्हणून त्याचा वरचा भाग प्रत्यक्षात चपटा दिसत असूनही आपण तो उघडा चौकोन काढतो. कपाचं तोंड गोल आहे हे माहीत असतं, म्हणून ते लंबवर्तुळ दिसत असलं तरी जास्त फुगवलं जातं. हे टाळायला चित्रकार जुन्या युक्त्या वापरतात.

हात कोपरात न वाकवता सरळ पुढे करा, एक डोळा मिटा आणि पेन्सिल उभी धरून वस्तूची रुंदी अंगठ्याने मोजा. मग तेच माप उंचीवर किती वेळा बसतं ते पाहा. कप रुंदीच्या सव्वापट उंच आहे हे असं कळतं. हात दर वेळी ताठच हवा. कोपर थोडं जरी वाकलं तरी माप बदलतं. तिरक्या कडेचा कोन घ्यायचा असेल तर पेन्सिल त्या कडेवर तोलून धरा आणि तो कोन तसाच कागदावर उतरवा. कोणत्या खुणा एकाच उभ्या रेषेत येतात ते पाहायला पेन्सिल ओळंब्यासारखी धरा.

वस्तूंच्या मधल्या रिकाम्या जागाही काढून पाहा. खुर्ची काढायची असेल तर पायांऐवजी पायांच्या मधल्या जागांचे आकार काढा. त्या जागेला नाव नसतं, त्यामुळे डोक्यात तिचा आधीपासून ठरलेला आकार नसतो आणि डोळ्यांना दिसतं ते हातात उतरतं.

चौकटी आखून चित्र उतरवणं ही फसवणूक आहे का, हा प्रश्न नवख्यांना हमखास पडतो. नाही. प्राचीन इजिप्तमधल्या चित्रकारांनीही भिंतींवर चौकटी आखल्या होत्या. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने तारा ताणलेली लाकडी चौकट बनवून घेतली होती आणि तिच्यातून पाहून तो निसर्गदृश्यं रेखाटायचा. अट एकच: चौकटीने काढलेल्या प्रत्येक चित्रामागे निदान एक चित्र नुसत्या नजरेने काढा. नाहीतर डोळा आळशी होतो. कार्बन कागदाने छापून घेण्याच्या मात्र मी विरोधात आहे. त्यात बाह्यरेखा बरोबर येते, पण ती का बरोबर आहे हे काढणाऱ्याला कळलेलं नसतं, आणि छटा भरताना ते लगेच उघडं पडतं.

पायरी ४: छटेची शिडी

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. कागदावर नऊ चौकोन आखा. एका टोकाला कोरा कागद, दुसऱ्या टोकाला ६बीने जमेल तितका काळा. आता मधला, पाचवा चौकोन भरा: तो दोन्ही टोकांपासून सारख्याच अंतरावर वाटला पाहिजे. मग तिसरा आणि सातवा, आणि शेवटी उरलेले. डावीकडून क्रमाने भरत गेलात तर निम्म्यावरच काळेपणा संपतो. टोकं आधी ठरवली की मधलं आपोआप बसतं. पूर्ण चित्रातही हाच क्रम उपयोगी पडतो. सगळ्यात गडद जागा कोणती आणि सगळ्यात उजळ कोणती हे पहिल्या दहा मिनिटांत ठरवा, बाकी सगळं त्या दोघांच्या मधे बसवा.

नवख्यांची चित्रं ओळखू येतात ती मुख्यतः एका गोष्टीने: ती करडी असतात. गडद करण्याची भीती वाटते, बिघडेल असं वाटतं, म्हणून सगळं चित्र शिडीच्या दुसऱ्या ते पाचव्या पायरीत अडकून राहतं. चेहरा हुबेहूब असतो, पण उठाव येत नाही. अशा चित्रात नवं काही घालायची गरज नसते. डोळे बारीक करून मूळ विषयाकडे पाहा. तपशील पुसट होतात आणि उजेड-सावलीचे तीनचार मोठे ठोकळे उरतात. त्यांतला सगळ्यात काळा ठोकळा तुमच्या कागदावर किती काळा आहे ते तपासा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.

एखादी छटा गडद की फिकी हे तिच्या शेजारच्या छटेवर ठरतं. तोच करडा काळ्याशेजारी उजळ दिसतो आणि पांढऱ्याशेजारी मळकट. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल याने 1839 मध्ये रंगांच्या बाबतीत याची पद्धतशीर मांडणी केली होती. करड्यांना ते तितकंच लागू पडतं. व्यवहारात याचा अर्थ असा, की पांढऱ्या कागदावर पहिली छटा देताना ती नेहमीच जास्त गडद वाटेल. घाबरून थांबू नका. पार्श्वभूमी आधी भरलीत तर हा भ्रम कमी होतो.

गडद छटा चढवायची ती दाबून नव्हे, थरांनी. एचबीचा हलका थर, त्यावर वेगळ्या दिशेने २बी, मग हवं तिथे ६बी. जोरात दाबलं की कागदाचे उंचवटे चिरडले जातात. मग त्यावर पुढचा थर बसत नाही आणि खोडताही येत नाही. शिवाय ग्रॅफाइट चमकायला लागतं. ग्रॅफाइट म्हणजे कार्बनचे एकावर एक रचलेले पातळ पापुद्रे. दाबल्यावर ते सपाट होऊन आरशासारखा उजेड परत फेकतात आणि बाजूने पाहिलं तर तुमची सगळ्यात काळी जागा चांदीसारखी दिसते. खरा मिट्ट काळा हवा असेल तर त्या जागी सुरुवातीपासूनच कोळशाची किंवा कार्बनची पेन्सिल वापरा. ग्रॅफाइटच्या गुळगुळीत थरावर कोळसा नीट धरत नाही, म्हणून हा निर्णय आधी घ्यावा लागतो.

बोटाने घासून छटा मऊ करू नका. बोटाचं तेल कागदात उतरतं आणि तिथे डाग धरतो. कागदी गुंडाळीचा स्टंप किंवा टिश्यू पेपर वापरा, आणि तोही बेताने. सगळंच घासलेलं चित्र धुरकट दिसतं. हाताखाली एक कोरा कागद ठेवा, म्हणजे तळव्याने काम पुसलं जाणार नाही.

पायरी ५: एक दिवा, एक वस्तू

पांढरा चेंडू घ्या, बाजूला एकच दिवा लावा, खोलीतले बाकीचे दिवे बंद करा. दोन दिवे असले की दोन सावल्या पडतात आणि शिकणाऱ्याचा गोंधळ होतो. चेंडूवर काय काय दिसतं ते नावं घेत शोधा: उजेड थेट आपटतो ती चमक, तिच्याभोवतीचा उजळ भाग, मधली छटा, मग उजेडाची पोच संपते तिथला गडद पट्टा, त्याच्याही पलीकडे कडेला टेबलावरून परतून आलेला मंद उजेड, आणि टेबलावर पडलेली सावली.

यात दोन जागा नेहमी चुकतात. परतून आलेला उजेड पाहून आनंद होतो आणि तो गरजेपेक्षा उजळ काढला जातो. तो सावलीतलाच भाग आहे; उजेडाच्या बाजूच्या कुठल्याही छटेपेक्षा तो गडदच हवा. दुसरी जागा पडलेल्या सावलीची. ती वस्तूच्या बुडाशी सगळ्यात काळी आणि धारदार असते, लांब जाईल तशी फिकी आणि मऊ होते. सगळीकडे एकसारखी भरली की वस्तू टेबलावर बसत नाही, चिकटवल्यासारखी दिसते.

चेंडूनंतर कप, मग चुरगळलेला कागद, मग जुना बूट. बूट मला फार आवडतो: त्याला वळणं आहेत, शिवण आहे, नाड्यांची गुंतागुंत आहे आणि तो हलत नाही. त्यानंतर स्वतःचा रिकामा हात. हा फुकट मिळणारा मॉडेल आहे आणि मानवी शरीरातल्या सगळ्यात अवघड भागांपैकी एक.

या टप्प्यावर फोटो बाजूला ठेवा. फोटोत जग आधीच सपाट झालेलं असतं आणि सावल्यांतला तपशील बऱ्याचदा गिळला गेलेला असतो. प्रत्यक्ष वस्तू पाहून काढलेलं ओबडधोबड रेखाटन तुम्हाला फोटोवरून काढलेल्या गुळगुळीत चित्रापेक्षा जास्त शिकवेल.

पायरी ६: चेहरा

बहुतेकांना पोचायचं असतं ते इथेच. तेव्हा आधी काही मापं. प्रौढ माणसाचे डोळे डोक्याच्या निम्म्या उंचीवर येतात. नवखा हात ते हमखास वर काढतो, कारण आपलं लक्ष चेहऱ्याकडे असतं, कपाळ आणि केसांकडे नसतं. समोरून पाहिल्यास डोक्याची रुंदी साधारण पाच डोळ्यांएवढी भरते आणि दोन डोळ्यांच्या मधे सुमारे एका डोळ्याची जागा असते. कानाचा वरचा टोक भुवईच्या आसपास, खालची पाळी नाकाच्या बुडाशी. लहान मुलांचे डोळे निम्म्याच्या खाली असतात. ते विसरलात तर मूल छोट्या आकाराच्या मोठ्या माणसासारखं दिसतं. ही मापं तपासण्यापुरतीच वापरा. समोरचा माणूस कुठे या मापांपासून हटतो, तिथेच त्याचं साम्य दडलेलं असतं.

डोळ्यांपासून सुरुवात करण्याचा मोह आवरा. आधी डोक्याचा कल, मग कवटीचा ठोकळा, मग उजेड आणि सावली यांमधली सीमारेषा. डोळ्याचं बुबुळ सर्वात शेवटी. डोळ्यातला पांढरा भाग पांढरा नसतो: तो गोल आहे आणि वरच्या पापणीची सावली त्याच्यावर पडलेली असते. तो कोराच सोडला तर माणूस दचकल्यासारखा दिसतो. दातांच्या मधल्या फटी रेघेने काढू नका; सगळे दात मिळून एक उजळ आकार समजा आणि ओठांच्या कोपऱ्यांकडे तो गडद करत न्या. नाकाला बाह्यरेखा नसते, त्याच्या एका बाजूला सावली असते.

केस एकेक करून काढायला बसलात तर कंटाळा येईल आणि परिणाम झाडूसारखा होईल. केसांचे मोठे पुंजके बघा, त्यांना वस्तूसारखा उजेड-सावली द्या, आणि शेवटी कडेला मोजक्या सुट्या बटा काढा. पांढरे केस किंवा मिशा हव्या असतील तर एक जुनी युक्ती आहे: छटा देण्याआधी शाई संपलेल्या बॉलपेनने कागदावर केसांच्या खाचा उमटवा. वरून पेन्सिल आडवी फिरवली की खाचा पांढऱ्या राहतात. एकदा उमटलेली खाच पुसता येत नाही, म्हणून आधी रद्दी कागदावर करून पाहा.

फोटोवरून चेहरा काढणार असाल तर मोबाइल तोंडाजवळ धरून काढलेला फोटो वापरू नका. जवळून घेतलेल्या फोटोत नाक मोठं होतं आणि कान मागे पळतात. थोडं लांब उभं राहून फोटो घ्या आणि नंतर हवा तेवढा भाग कापा. दुसऱ्या कुणाचा फोटो असेल तर परवानगी घ्या. चित्र हाताने काढलं म्हणून मूळ छायाचित्रकाराचा हक्क संपत नाही.

साम्य येत नसेल तर चित्र आरशात पाहा किंवा उलटं टांगा. वाकडा जबडा, वरखाली झालेले डोळे लगेच दिसतात. इतका वेळ तुम्ही सवयीने ते माफ करत असता.

पायरी ७: प्रेरणा कुठून घ्यायची

प्रेरणा येण्याची वाट पाहू नका. चित्रं निवडा आणि त्यांची नक्कल करा. व्हॅन गॉगने 1880 मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, चित्रकार व्हायचं ठरवलं आणि शार्ल बार्ग या चित्रकाराने विद्यार्थ्यांसाठी तयार केलेल्या चित्रांच्या नकला करायला बसला. पुढे 1890 मध्ये, स्वतःची शैली पूर्ण पिकल्यावरही, तो त्यांच्याकडे परत वळला. नक्कल केल्याने स्वतःपण हरवतं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं.

पण नक्कल करताना हातात प्रश्न हवा. एवढंच विचारा: या माणसाने काय सोडून दिलं? चित्रकाराची आवड त्याने घातलेल्या तपशिलापेक्षा त्याने गाळलेल्या तपशिलातून जास्त कळते.

अँग्र या फ्रेंच चित्रकाराची पेन्सिल व्यक्तिचित्रं घ्या. तो रोममध्ये राहत असताना तिथे येणाऱ्या प्रवाशांची चित्रं काढून पैसे मिळवायचा. व्हायोलिनवादक पागानिनी याचं त्याने 1819 मध्ये काढलेलं पेन्सिलचित्र लूव्र संग्रहालयात आहे. चेहऱ्यावर अतिशय नाजूक छटा, आणि कपडे मात्र जवळजवळ नुसत्या रेघांचे. नजर आपसूक चेहऱ्यावर जाते. याची नक्कल करताना टणक, अणकुचीदार पेन्सिल घ्या आणि कपड्यांत छटा भरायचा मोह टाळा.

आडोल्फ मेन्झेल या जर्मन चित्रकाराची तऱ्हा अगदी उलटी. हा माणूस सुतारकामाची जाड पेन्सिल वापरायचा, दोन्ही हातांनी काढायचा आणि कायम खिशात वही बाळगायचा. त्याची हजारो रेखाटनं शिल्लक आहेत. वही जवळ बाळगण्याची सवय त्याच्याकडून घ्या: रांगेत, प्रवासात, कुणाची वाट पाहताना, दोन मिनिटांची रेखाटनं. ती चांगली यायला नकोत, ती पुष्कळ यायला हवीत.

झॉर्झ सरा रंगांच्या ठिपक्यांसाठी प्रसिद्ध आहे, पण त्याची काळ्या काँते खडूची (टणक, दाबून बनवलेल्या खडूची) चित्रं शिकणाऱ्याला जास्त उपयोगी. खरखरीत कागदावर त्याने खडू असा फिरवला की बाह्यरेखा जवळजवळ नाहीच. माणूस उजेड आणि काळोख यांच्या सीमेवर तयार होतो. ज्यांना प्रत्येक वस्तूभोवती रेघ मारल्याशिवाय चैन पडत नाही त्यांनी याची नक्कल करावी.

आणि व्हिया सेलमिन्स. लाटव्हियातल्या रिगा इथे 1938 मध्ये जन्मलेल्या या अमेरिकन चित्रकर्तीने 1960 च्या दशकाच्या शेवटी समुद्राचे स्वतः काढलेले फोटो समोर ठेवून ग्रॅफाइटमध्ये समुद्र काढला: क्षितिज नाही, होडी नाही, किनारा नाही, नुसत्या लाटा. फोटोसारखं दिसण्यालाच पेन्सिलीचं यश समजणाऱ्या प्रत्येकाला मी ही चित्रं दाखवेन. तंत्र तेच आहे, पण काय चौकटीत ठेवायचं याचा निर्णय तिचा आहे. एखाद्या नटाच्या गाजलेल्या फोटोची तंतोतंत प्रत काढण्यात हात तयार होतो हे खरं. पण विषय, मांडणी आणि उजेड हे तिन्ही निर्णय दुसऱ्याने घेतलेले असतात.

रेखा हाच विषय असलेलं काम पाहायचं असेल तर भारतीय चित्रकर्ती नसरीन मोहम्मदी (1937–1990) यांची पेन्सिल आणि शाईतली चित्रं पाहा. त्यांत वस्तू नाही, माणूस नाही. बारीक सरळ रेघा आणि त्यांच्या मधली अंतरं.

नकलेच्या मागच्या बाजूला मूळ चित्रकाराचं नाव लिहा आणि ती स्वतःची म्हणून कुठेही लावू नका.

पायरी ८: तारीख घाला, जपा

आल्ब्रेख्ट ड्यूररने तेरा वर्षांचा असताना आरशात पाहून स्वतःचं चित्र काढलं. ते चांदीच्या तारेने काढलेलं आहे, म्हणजे खोडायची सोयच नव्हती. मोठेपणी त्याने त्यावर नोंद केली की हे 1484 मध्ये, मी लहान असताना, आरशावरून काढलं. ते आज व्हिएन्नातल्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. तुमचं पहिलं आत्मचित्र कितीही वाईट आलं तरी त्यावर तारीख घालून ठेवा. दर वर्षी त्याच जागी, त्याच दिव्याखाली एक काढा. प्रगती झाली की नाही हे विचारायला मग दुसऱ्या कुणाकडे जावं लागत नाही.

पूर्ण झालेल्या चित्रावर फिक्सेटिव्ह (ग्रॅफाइट पुसलं जाऊ नये म्हणून मारायचा फवारा) मारायचं तर उघड्या हवेत, साधारण एक फूट अंतरावरून, हलके दोन थर. एकदम जाड थर बसला तर कागद ओला होऊन डाग पडतात. फिक्सेटिव्हने छटा किंचित बदलते, म्हणून आधी कोपऱ्याच्या तुकड्यावर पाहा. चित्रं आडवी ठेवा, मधे ग्लासीन किंवा बटर पेपर घाला. चौकटीत लावताना काच ग्रॅफाइटला टेकू नये म्हणून मधे माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची पट्टी, हवा.

इंटरनेटवर टाकण्यासाठी फोटो काढताना खिडकीचा बाजूने येणारा सौम्य उजेड घ्या आणि फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर गडद भाग चमकून पांढरा येतो. कॅमेरा चित्राच्या बरोबर समोर धरा. वरून तिरका धरलात तर काढताना सांभाळलेलं सगळं प्रमाण फोटोत बिघडतं.

पायरी ९: स्वतःचा विषय

दाद मिळायला लागली की एक अडचण सुरू होते: जे आवडतं ते लोक पुन्हा मागतात. डोळ्यांचं एक चित्र गाजलं की वर्षभर डोळेच. यातून बाहेर पडायला मालिका काढा. एकच विषय, सातआठ चित्रं, एकाच मापाच्या कागदावर. विषय साधा निवडा: जिन्यावरचा उजेड, आजीआजोबांचे हात, बंद दुकानांची कुलपं, पावसानंतरच्या तारा. पहिली दोनतीन चित्रं ठरलेल्या वाटेने जातात, कारण जे सुचायचं ते पटकन सुचलेलं असतं. चौथ्यापाशी काही सुचेनासं होतं आणि मग खरं बघायला सुरुवात होते: उजेड बदलून पाहा, जवळ जा, अर्धी वस्तू चौकटीबाहेर ठेवा.

अभिप्राय मागताना ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका. त्यावर ‘छान’ याखेरीज काही मिळत नाही. ‘तुमची नजर आधी कुठे गेली?’ असं विचारा. उत्तर तुम्हाला हव्या असलेल्या जागेचं नसेल तर कोणती छटा जास्त गडद झाली आहे ते शोधता येतं. मालिका पूर्ण झाली की सगळी चित्रं भिंतीला टेकवून शेजारी शेजारी ठेवा, लांब उभे राहा आणि डोळे बारीक करून पाहा. त्यांतलं सगळ्यात कच्चं चित्र काढून घ्या आणि त्या जागेसाठी नवा कागद कापा.